शेतीचा हिशेब आणि संगणकाचे पहिले पाठ

खेड्यातील बरेचसे दप्तर आता संगणकावर गेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा २०१८ पासून मिळू लागला. २०२१ पासून पिकांची नोंद शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या साहाय्याने भ्रमणध्वनीवरून करू लागला. अनुदाने व मदतीच्या रकमा थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ लागल्या. अशा काळात संगणकाचे प्राथमिक ज्ञान ही केवळ नोकरी शोधणाऱ्या तरुणाची गरज राहिलेली नसून, ग्रामपातळीवरील कार्यकर्ता व शेतकरी या दोघांचीही ती गरज झाली आहे.

हे ज्ञान देणारे अभ्यासक्रम महाविद्यालयांत व तालुक्याच्या गावी चालतात. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने २००२ साली सुरू केलेला एम.एस.-सी.आय.टी. हा त्यांतील सर्वांच्या परिचयाचा अभ्यासक्रम होय. यंत्राचे भाग, फाईल व फोल्डर, पत्रलेखन, कोष्टक, सादरीकरण आणि इंटरनेट असा या अभ्यासक्रमांचा साधारण क्रम असतो. पुष्कळ विद्यार्थी कोणते बटण कोठे आहे हे पाठ करतात, परीक्षा उत्तीर्ण होतात आणि सहा महिन्यांत ते विसरून जातात. बटणांच्या जागा तर आज्ञावलीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत बदलतात. न बदलणाऱ्या कल्पना थोड्या आहेत. त्या एकदा नीट समजल्या म्हणजे कोणतीही आज्ञावली वापरता येते. या लेखात त्या कल्पना शेतीच्या हिशेबाच्या आधारे समजून घ्यावयाच्या आहेत.

यंत्राची रचना

संगणकाचे काम चार भागांत चालते. माहिती आत घेणे, तिच्यावर क्रिया करणे, ती साठविणे आणि निष्पन्न बाहेर देणे. कळफलक व माऊस यांच्या द्वारे माहिती आत जाते. प्रक्रियक तिच्यावर क्रिया करतो. पडदा व छपाईयंत्र यांवर निष्पन्न दिसते. मळणीयंत्रात ज्या पिकाच्या पेंढ्या घालाव्या त्याच पिकाचे दाणे बाहेर पडतात, तद्वत संगणकातही जी माहिती घालावी तिचेच फळ मिळते. चुकीचा आकडा घातल्यास उत्तर चुकीचेच येते; फरक इतकाच की, ते सुबक अक्षरांत छापलेले असल्यामुळे खरे वाटते.

साठवणुकीचे दोन प्रकार नवशिक्याने प्रथम ओळखले पाहिजेत. काम चालू असताना माहिती ज्या तात्पुरत्या स्मृतीत असते ती खळ्यासारखी आहे, आणि कायमची साठवण ही कोठारासारखी आहे. खळ्यावरचे धान्य कोठारात नेले नाही आणि रात्री पाऊस आला तर नुकसान होते. त्याचप्रमाणे वीज गेली असता तात्पुरत्या स्मृतीतील सर्व माहिती पुसली जाते. ‘सेव्ह’ करणे म्हणजे खळ्यावरून कोठारात नेणे होय. काही आज्ञावली हे काम आपोआप करतात. तथापि दर थोड्या वेळाने स्वतः साठवण करण्याची सवय असावी. महत्त्वाच्या फाईलची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी, कारण एकाच कोठारास आग लागली तर सर्व बियाणे जाते.

देवनागरी मजकुराबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक प्रत्येक अक्षर एका ठरावीक संख्येच्या रूपाने साठवितो. पूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत या संख्या निरनिराळ्या असत. त्यामुळे एका कार्यालयात टंकलेली यादी दुसऱ्या कार्यालयात उघडली असता निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराची संख्या सर्वत्र एकच असते. यास्तव शेतकऱ्यांच्या याद्या व पत्रे युनिकोडमध्येच टंकावीत.

कोष्टकाची उपपत्ती

कार्यालयीन आज्ञावलींत शेतकऱ्याच्या सर्वांत उपयोगी पडणारी म्हणजे कोष्टकाची. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क व गुगल शीट्स या तिच्या आजच्या प्रचलित जाती आहेत. या कल्पनेचा उगम बोधप्रद आहे. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन याला असे दिसले की, फळ्यावर मांडलेल्या हिशेबातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम संगणकाने करावे या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टन याच्या सहकार्याने ‘व्हिसिकॅल्क’ ही आज्ञावली तयार केली. १९७९ साली ती ॲपल-२ या संगणकासाठी विक्रीस आली.

कोष्टकाचे मर्म यातच आहे. त्यात उत्तर लिहावयाचे नसते. उत्तर काढण्याची रीत लिहावयाची असते. रीत लिहिली की मूळ आकडा बदलताच उत्तर आपोआप बदलते. ज्याने बेरीज कॅल्क्युलेटरवर करून ती कोष्टकात टंकली, त्याने संगणकाचा उपयोग फक्त वहीसारखा केला.

एका शेताचा हिशेब

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने १ एकर २० गुंठे क्षेत्रात सोयाबीन घेतले. खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले खरे आकडे घालावेत.

बियाणे – ४,५०० रुपये
खते – ६,००० रुपये
मशागत व पेरणी – ६,७५० रुपये
तणनियंत्रण व फवारणी – ५,२५० रुपये
काढणी व मळणी – ९,००० रुपये
वाहतूक – १,५०० रुपये
घरच्या माणसांची मजुरी – ६,००० रुपये

कोष्टकाच्या पहिल्या ओळीत शीर्षके लिहावीत. ‘ए’ स्तंभात खर्चाची बाब व ‘बी’ स्तंभात रुपये घालावेत. सात बाबी दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत येतील. नवव्या ओळीत बरोबरचे चिन्ह देऊन ‘सम’ ही आज्ञा लिहावी आणि कंसात बी-२ पासून बी-८ पर्यंतची मर्यादा द्यावी. बेरीज ३९,००० येईल. उत्पादन १२ क्विंटल असल्यास ३९,००० भागिले १२, म्हणजे क्विंटलमागे ३,२५० रुपये खर्च पडला.

घरच्या माणसांची मजुरी अनेक शेतकरी लिहीत नाहीत. ती वगळली तर खर्च क्विंटलमागे २,७५० रुपयेच दिसतो. परंतु घरच्या मंडळींनी तेच दिवस दुसऱ्याच्या शेतात घालविले असते तर मजुरी मिळाली असती. कृषी खर्च व मूल्य आयोगही आपल्या हिशेबात कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरतो. तेव्हा ही ओळ गाळू नये.

आता रीतीचा फायदा पाहावा. भाव क्विंटलला ४,००० रुपये धरल्यास उत्पन्न ४८,००० रुपये व शिल्लक ९,००० रुपये दिसते. खर्च तोच राहून उत्पादन १० क्विंटलवर आले तर काय होईल, हे पाहण्यासाठी फक्त १२ च्या जागी १० लिहावेत. क्विंटलमागील खर्च तत्काळ ३,९०० रुपये व शिल्लक १,००० रुपये दिसेल. दोन क्विंटलांच्या घटीने जवळजवळ सर्व नफा नाहीसा होतो, ही गोष्ट पेरणीपूर्वीच कळणे हा कोष्टकाचा खरा लाभ होय. नवे पीक घ्यावे की नाही, कर्ज किती काढावे, या निर्णयांस त्यामुळे आधार मिळतो.

तीन नेहमीच्या चुका

संगणक गणित अचूक करतो. परंतु आकड्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. तो अर्थ माणसानेच सांभाळावयाचा असतो. पुढील तीन चुका वारंवार होत असल्यामुळे त्यांचा विचार विस्ताराने केला आहे.

पहिली चूक क्षेत्राची. १ एकर २० गुंठे हे क्षेत्र पुष्कळजण १.२० असे टंकतात. एकराचे गुंठे ४० असल्यामुळे हे क्षेत्र वास्तविक १.५० एकर होय. संगणक १.२० याचा अर्थ ४८ गुंठे असा घेतो आणि १२ गुंठे नाहीसे होतात. वरील उदाहरणात खरे उत्पादन एकरी ८ क्विंटल आहे, १.२० ने भागल्यास ते १० क्विंटल दिसते आणि एकरी खर्च २६,००० ऐवजी ३२,५०० रुपये दिसतो. यावर उपाय सोपा आहे. एकर व गुंठे यांस दोन निराळे स्तंभ द्यावेत आणि तिसऱ्या स्तंभात गुंठ्यांना ४० ने भागून एकरांत मिळविण्याची रीत लिहावी. सात-बारावरील क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टराचे आर १०० असल्यामुळे तेथे दशांश चिन्ह चालते. वरील शेत सुमारे ०.६१ हेक्टर भरेल.

दुसरी चूक आकडा व मजकूर यांच्या मिसळीची. समजा, माल तीन खेपांत विकला. वजने ५, ४ व ३ क्विंटल भरली. मधल्या चौकटीत नुसते ४ न लिहिता ‘४ क्विंटल’ असे लिहिले तर संगणक त्या चौकटीस मजकूर समजतो. ‘सम’ ही आज्ञा मजकूर सोडून देते व कसलीही सूचना न देता ८ ही बेरीज दाखविते. त्यावरून क्विंटलमागे खर्च ३,२५० ऐवजी ४,८७५ रुपये निघतो. मग ४,००० रुपयांचा फायदेशीर भाव तोट्याचा वाटून शेतकरी माल परत आणण्याचा संभव असतो. यास्तव एका चौकटीत एकच गोष्ट लिहावी; परिमाण स्तंभाच्या शीर्षकात लिहावे आणि चौकटीत फक्त आकडा असावा.

तिसरी चूक याद्यांची, आणि ती सर्वांत घातक होय. कार्यकर्त्याकडे शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक व बँक खाते क्रमांक यांची यादी असते. ती नावांच्या अनुक्रमाने लावताना फक्त नावांचा स्तंभ निवडून क्रम लावला, तर नावे हलतात व खाते क्रमांक जागच्या जागी राहतात. एका शेतकऱ्याच्या नावापुढे दुसऱ्याचा खाते क्रमांक येतो. यादी पूर्वीइतकीच नीटनेटकी दिसत असल्याने चूक कोणाच्या लक्षात येत नाही; ती पैसे न मिळालेल्या शेतकऱ्याच्या लक्षात येते. म्हणून क्रम लावण्यापूर्वी संपूर्ण कोष्टक निवडावे, मूळ यादीची प्रत राखावी आणि नंतर चार-पाच नावे पासबुकावरून पडताळावीत.

खाते क्रमांकाबाबत आणखी एक दक्षता आहे. एक्सेलला तो संख्या वाटला तर आरंभीची शून्ये गळतात. तसेच पंधराहून अधिक अंक असल्यास पंधराव्यानंतरच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. यासाठी तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर या प्रकारचा करून ठेवावा. साधा नियम असा की, ज्याची बेरीज करण्यात काही अर्थ नाही तो आकडा दिसत असला तरी ते नावच होय. खाते क्रमांक, गट क्रमांक व दूरध्वनी क्रमांक यांना हा नियम लागू पडतो.

शिकण्याची रीत

अभ्यासक्रमास गेलेल्या तरुणाने घरी आल्यावर वडिलांची खर्चाची वही घेऊन बसावे आणि एका हंगामाचा हिशेब कोष्टकात उतरवावा. संगणक नसल्यास भ्रमणध्वनीवरील कोष्टकही या कामास पुरते. वही मात्र बंद करू नये. खर्च झाला त्याच दिवशी तो वहीत लिहावा व आठवड्यातून एकदा कोष्टकात घालावा. दोन्ही बेरजा जुळल्या म्हणजे नोंद खरी समजावी. ज्येष्ठ शेतकऱ्यास कळफलक येत नसला तरी कोणता आकडा संभवनीय नाही हे तो चटकन सांगू शकतो. एकरी उत्पादन दीडपट दिसले की प्रथम त्यालाच शंका येते. मुलाचे टंकन आणि वडिलांचा अंदाज यांची जोड मिळाली तर हिशेब निर्दोष होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील पाच-सहा शेतकऱ्यांना एकत्र बसवून, एकाच पिकाचे प्रत्येकाचे कोष्टक एकाच नमुन्यात तयार करून घ्यावे. ज्याचा खर्च कमी व उत्पादन अधिक, त्याने कोणत्या बाबीत बचत केली हे ओळीओळीने दिसून येईल आणि त्यावर होणारी चर्चा उपयुक्त ठरेल.

सारांश, साठवण वेळेवर करावी, दुसरी प्रत ठेवावी, उत्तराऐवजी रीत लिहावी, परिमाण जपावे, एका चौकटीत एकच गोष्ट लिहावी आणि यादी हलविल्यावर ती पडताळावी. एवढे ज्याला साधले त्याने संगणकाचे पहिले पाठ खऱ्या अर्थाने गिरविले असे म्हणता येईल. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने निदान एका शेताचे कोष्टक तयार करावे आणि पेरणीचा पहिला खर्च त्यात त्याच दिवशी नोंदवावा.