एनोलाची चित्रकथा

रहस्यकथा वाचणें म्हणजे वेळ दवडणें, असें कित्येक पालकांस वाटतें. एनोला होम्सच्या कथेविषयीं मात्र आमचें मत निराळें आहे. अमेरिकन लेखिका नॅन्सी स्प्रिंगर ह्यांनीं ती २००६ सालीं आरंभिली व फ्रेंच चित्रकर्त्री सेरेना ब्लास्को ह्यांनीं पुढें ती जलरंगांत उतरविली.

काळ १८८८ चा, देश इंग्लंड. एनोलाच्या चौदाव्या वाढदिवशींच तिची आई नाहींशी होते. थोरले बंधु मायक्रॉफ्ट व विख्यात गुप्तहेर शेरलॉक घरीं येतात. परंतु आईच्या खोलींतील फुलांच्या चित्रांत शेरलॉकला कांहींच अर्थ दिसत नाहीं. एनोला मात्र आईनें भेट दिलेली सांकेतिक अक्षरांची वही घेऊन बसते. अक्षरें उलट क्रमानें लावतां संदेश निघतो, कीं शेवंतींत शोध कर. आणि शेवंतीच्या चित्रामागें आईनें ठेवलेले पैसे सांपडतात!

विद्यार्थ्यांनो, चित्रकथेंत शब्दांप्रमाणें चित्रही वाचावें लागतें. घाईनें पान उलटणाऱ्याच्या हातीं अर्धीच कथा लागते.

मायक्रॉफ्ट तिला वसतिगृहाच्या शाळेंत धाडण्याचें ठरवितो, तेव्हां एनोला लंडनला पळून जाते. हें वर्तन अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या भवितव्याचा निर्णय घेतांना तिचें मत कोणीच विचारलें नाहीं, हेंही पालकांनीं ध्यानांत घ्यावें. जी मुलगी प्रसिद्ध गुप्तहेरास न उलगडलेलें कोडें सोडविते, तिच्याशीं दोन शब्द बोलावे, असें घरांत कोणासही सुचलें नाहीं. आपल्या घरीं तसें न होवो.