शब्बाथ आणि सण : काय करावे, काय टाळावे

जेरुसलेमचे दुसरे मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडले. ते उभे होते तेव्हाच्या यहुदी घरातले हे नियम.

काय करावे

• शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकावा, दिवे लावावेत. यहुद्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून शनिवारचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी मावळतीलाच लागतो. मंदिरावरून कर्णा तीनदा वाजे तो हातातले काम थांबवण्यासाठी, पुन्हा तीनदा वाजे तो पवित्र वेळ लागल्याचे सांगण्यासाठी. कर्ण्याच्या त्या जागेचा उल्लेख कोरलेला दगड 1968 मध्ये मंदिराच्या भिंतीखाली सापडला.

• गडी, मोलकरीण, बैल, गाढव आणि दारी राहणारा परका, सगळ्यांना शब्बाथाला विसावा द्यावा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कारण दिले आहे: तुम्हीही मिसरात गुलाम होता. मला सगळ्या नियमांचा जीव इथेच दिसतो. मालकाला सुट्टी केव्हाही घेता येते. गड्याला आणि बैलाला ती मागता येत नाही.

• वल्हांडण (मिसरातून सुटकेचा सण), सप्तकांचा सण आणि मंडपांचा सण, या तीन सणांच्या मंदिरयात्रांना ऐपतीप्रमाणे काहीतरी घेऊन जावे.

• वल्हांडणाच्या वेळी लांबच्या प्रवासात असाल किंवा प्रेताला शिवला असाल, तर महिन्याने, दुसऱ्या महिन्याच्या 14 तारखेला तो पाळावा. चुकलेल्यासाठी दार उघडे ठेवणारा हा नियम मला फार आवडतो.

काय टाळावे

• शब्बाथाला विस्तव पेटवू नये. पेरणे, दळणे, मळणे, भाजणे, गाठ मारणे अशी वर्ज्य कामे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात 39 मोजली आहेत. सणाच्या दिवशी मात्र खाण्यापुरते रांधता येते. या दोन दिवसांची गल्लत करू नये.

• बाजार मांडू नये. सोरचे व्यापारी शब्बाथाला मासे विकू लागले, तेव्हा अधिपती नहेम्याने जेरुसलेमच्या वेशी बंद करवल्या.

• वल्हांडणात घरात खमीर ठेवू नये, बळीच्या कोकराचे हाड मोडू नये, मांस सकाळपर्यंत उरवू नये.

• प्रायश्चित्ताच्या दिवशी अन्नपाणी घेऊ नये. आपल्या साबुदाण्याच्या उपवासासारखा हा उपवास नाही.

• मंदिरात काम केले म्हणून याजकांनी शब्बाथ मोडला असे समजू नये. त्या दिवशी वेदीवर दोन कोकरे जादा असत, 12 समर्पित भाकऱ्याही बदलायच्या असत.

• जीव जात असताना हात बांधून बसू नये. इ.स.पू. 167 च्या सुमारास यहुद्यांचा धर्म मोडू पाहणाऱ्या अंतियोख राजाच्या सैन्याने शब्बाथालाच हल्ला केला. दिवस मोडायचा नाही म्हणून ज्यांनी दगडसुद्धा उचलला नाही, ते बायकामुलांसह मारले गेले. त्यांचा शोक करूनच बंडाचा पुढारी मत्तथ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले, की शब्बाथाला कोणी चालून आले तर लढायचे.

• शनिवारी घाणा जुंपू नये. हा नियम मात्र कोकणातल्या बेने इस्रायल या तेल गाळणाऱ्या यहुदी समाजाचा. जेरुसलेमचा कर्णा तिथे कुठून ऐकू येणार? तरी शनिवारी त्यांचा घाणा थांबे आणि बैल सुटा राही. त्यावरूनच गावाने त्यांना नाव दिले : शनवार तेली.