पाटी नसलेली खानावळ

(मोठ्या शहरात गेल्यावर आपले लक्ष उंच इमारतींकडे आणि झगमगत्या दुकानांकडे जाते. परंतु शहराची खरी ओळख पुष्कळदा एखाद्या लहानशा गल्लीत होते. आजारी वडिलांना घेऊन मुंबईला गेलेल्या भूमच्या एका शिक्षकाने असाच एक अनुभव या पाठात सांगितला आहे.)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या अब्बांच्या घशात गाठ आढळली. बार्शीच्या डॉक्टरांनी मुंबईला जाण्याचा सल्ला दिला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आम्ही भूमहून कुर्डुवाडीला आलो, रात्रीची रेल्वे पकडली आणि सकाळी दादरला उतरलो.

परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे येतात. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे किरणांचे उपचार घ्यावे लागतील. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. यांचे वजन घटता कामा नये. मऊ, ताजे आणि कमी तिखट अन्न द्या."

मदनपुऱ्यात आमचे एक नातेवाईक राहतात. त्यांच्या एका खोलीत आमची झोपण्याची सोय झाली. पण त्या घरात आधीच सात माणसे होती. दुपारच्या जेवणाचा भार त्यांच्यावर कसा टाकावा?

पहिल्या दिवशी मी अब्बांना एका मोठ्या हॉटेलात नेले. काचेचे दार, थंड हवा, जाडजूड मेनूकार्ड! जेवण आले ते तेलकट आणि झणझणीत. अब्बांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारले. बिल पाहून माझा चेहरा उतरला. अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, इथली भट्टी कुठं दिसली का तुला?"

मुलांनो, या प्रश्नाचा अर्थ तुम्हांला सांगायला हवा. आमचा भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. अब्बांचे उभे आयुष्य खव्याच्या भट्टीवर गेले. दूध आटवताना कढई जरा अस्वच्छ राहिली, तर सारा खवा बिघडतो. म्हणून त्यांचा एक नियम आहे : आधी कढई पाहावी, मग माल घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भायखळ्याच्या एका जुन्या इराणी हॉटेलात चहा घेतला. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर बसलेले वृद्ध मालक. अब्बांनी मस्का लावलेला पाव चहात बुडवून मऊ केला आणि सावकाश खाल्ला. अशी हॉटेले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणातून आलेल्या लोकांनी मुंबईत सुरू केली. धोबी तलावाजवळचे 'कयानी' 1904 सालचे, तर बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' 1923 सालचे. कामगार, विद्यार्थी, लेखक असे सर्व जातिधर्मांचे लोक तेथे एकाच टेबलावर बसत. गंमत पाहा : 'मस्का' हा शब्द फारसीतला आणि 'पाव' हा पोर्तुगीज भाषेतला. दोघांची गाठ पडली मुंबईच्या बशीत!

नाश्त्याचा प्रश्न सुटला. पण जेवणाचे काय? रुग्णालयाच्या रांगेत लातूरचे एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "मागच्या गल्लीत जा. चाळीच्या जिन्याखाली एक खानावळ आहे. पाटी शोधू नका, पाटी नाही. दुपारी बारा वाजता जिथं कामावरची माणसं रांगेनं उभी दिसतील, तीच."

आम्ही गेलो. जिन्याखाली दहा-बारा फुटांची खोली होती. दोन बाकडी आणि स्टीलची ताटे. मी दारातच थबकलो. आजारी माणसाला अशा ठिकाणी कसे न्यावे? अब्बा मात्र माझ्या आधी आत शिरले. समोरच शेगडी होती. त्यांनी पातेल्यांकडे पाहिले. घासून लख्ख केलेली पातेली! ते बाकावर बसले आणि म्हणाले, "इथं जेवू."

खानावळ चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या घरातल्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. अब्बांचा घसा दुखतो हे कळताच त्या म्हणाल्या, "चाचा, आज मऊ भात आणि वरणच घ्या. उद्यापासून तुमची भाजी तिखट घालायच्या आधीच काढून ठेवीन."

आणि त्यांनी तसेच केले. पुढचे सहा आठवडे अब्बांसाठी एक लहान पातेले वेगळे असे. कधी मुगाची खिचडी, कधी दुधी, तर कधी ताकाची कढी. मावशी मूळच्या कोकणातल्या. त्यांच्याकडे तांदळाची भाकरी होई. अब्बा म्हणत, "आमच्याकडं ज्वारीची. तिची चव औरच!" मग दोघांचा भाकरीवरून लटका वाद चाले आणि जेवणारी मंडळी हसत.

एकदा गर्दी ओसरल्यावर मी विचारले, "मावशी, ही खानावळ कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या वेळेपासून. हा सगळा गिरण्यांचा भाग. माणसं गावाकडं बायकापोरं ठेवून एकटीच यायची. त्यांना कोण रांधून घालणार? मग आम्ही बायका महिन्याच्या हिशेबानं जेवण द्यायचो. पगार झाला की पैसे मिळायचे."

"आणि संप झाला तेव्हा?"

मावशी क्षणभर गप्प झाल्या. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांच्यापैकी असंख्य लोकांना पुन्हा काम मिळालेच नाही.

"माझे यजमानही संपात होते," त्या म्हणाल्या. "घरात पगार नाही आणि दारात जेवणारी पंधरा माणसं. त्यांच्याजवळही पैसे नाहीत. त्यांना उपाशी कसं उठवायचं? मी गळ्यातलं मोडलं. उधारीची वही भरत गेली. पुष्कळांनी नंतर पैसे आणून दिले. एक जण तर दहा वर्षांनी गावाहून आला आणि वहीतलं आपलं नाव स्वतः खोडून गेला."

अशा स्त्रियांना पूर्वी सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज काढावे लागे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. त्यामुळे खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळू लागले. ज्यांच्या हातावर सारे गिरणगाव जेवत होते, त्यांच्या कामाला प्रथमच मान मिळाला.

उपचार संपले. शेवटच्या दिवशी मी मावशींना हिशेबापेक्षा शंभर रुपये जास्त देऊ लागलो. त्यांनी ती नोट परत केली. "मास्तर, जेवणाचे झाले तेवढेच द्या. बक्षीस हॉटेलात देतात. ही खानावळ आहे."

मी वरमलो. अब्बा म्हणाले, "ताई, पैसे नका घेऊ. पण पुढच्या वेळी आमच्या भट्टीवरचा खवा आणला तर?"

मावशी हसल्या. "तो आणा. पण त्याआधी मी तुमची कढई बघणार हं!"

तीन महिन्यांनी तपासणीसाठी आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहिला आणि समाधानाने मान हलवली. वजन घटले नव्हते. अब्बांच्या पिशवीत खव्याचा डबा होता. रुग्णालयातून बाहेर पडताच ते मला न विचारता मागच्या गल्लीकडे वळले.

शब्दार्थ
खानावळ – ठरावीक दराने जेवण मिळण्याचे ठिकाण
अस्सल ओळख – खरी ओळख
गल्ला – दुकानात पैसे ठेवण्याची पेटी
रांधणे – स्वयंपाक करणे
यजमान – (येथे) पती
वरमणे – मनातून लाजणे, ओशाळणे
लटका – खोटा, गमतीचा

वाक्प्रचार
चेहरा उतरणे – निराश होणे
गळ्यातलं मोडणे – अडचणीच्या वेळी दागिना विकणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांचा नियम कोणता होता?
(आ) खानावळ ओळखण्याची खूण लातूरच्या गृहस्थांनी कोणती सांगितली?
2. कारणे लिहा.
(अ) लेखक खानावळीच्या दारात थबकले.
(आ) मावशींनी शंभर रुपयांची नोट परत केली.
3. 'बक्षीस हॉटेलात देतात. ही खानावळ आहे.' या वाक्यांतून मावशींचा कोणता गुण दिसतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
4. तुमच्या गावातील एखाद्या लहान हॉटेलाला किंवा खानावळीला भेट द्या. तेथील मालकांशी मराठीत बोला आणि त्यांची माहिती दहा ओळींत लिहा.