पेटीतील आंबा आणि पेटीवरील नाव

झाडावरील फळ उत्तम असले म्हणजे बाजारात त्यास उत्तम भाव मिळालाच पाहिजे, असा समज अनेक बागायतदारांत आढळून येतो. परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीस झाड पडत नाही, पेटी पडते. रत्नागिरी किंवा देवगड येथील हापूस आंब्यास वाशीच्या फळबाजारात पोहोचण्यासाठी तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. या प्रवासात बागायतदाराच्या वर्षभराच्या श्रमांचे रक्षण पेटीच करते.

नुकसानीचा हिशेब

पाच डझनांच्या पेटीतील सहा आंबे नासले, तर एक दशांशच नुकसान झाले असे वरकरणी वाटते. तथापि गाडीभाडे, हमाली व पेटीचा खर्च साठही फळांवर झालेला असतो. शिवाय नासक्या फळाचा रस शेजारच्या फळांस लागून तीही बिघडतात, आणि अशा पेटीतील चांगल्या फळांसही खरेदीदार पुरा भाव देत नाही.

पेटी भरण्यापूर्वी

चांगली पेटी सदोष फळास सुधारू शकत नाही. यास्तव आंबा सुमारे चौदा आणे तयार झाल्यावर देठासह उतरवावा. देठ मुळाशी तुटल्यास चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात व तेथून कुजीचा शिरकाव सुलभ होतो. देठासह काढणीसाठी दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने 'नूतन झेला' तयार केला आहे. उतरविलेली फळे सावलीत ठेवावीत. खरचटलेली व डागी फळे बाजूस काढून उरलेल्यांची वजनाप्रमाणे प्रतवारी करावी.

पेटी भरताना

पूर्वापार लाकडी पेटी व भाताचा पेंढा यांचा उपयोग होत आला आहे. आता पुठ्ठ्याची खोकीही सर्रास वापरली जातात. दोन्हींच्या बाबतीत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. तोडलेले फळही श्वसन करते व त्यापासून उष्णता निर्माण होते. म्हणून हवेसाठी भोके असावीत व ती बुजवू नयेत.

२. पिकणाऱ्या फळातून एथिलीन वायू बाहेर पडतो व शेजारची फळे लवकर पिकतात. म्हणून अर्धवट पिकलेले फळ कच्च्या फळांत मिसळू नये.

३. पेंढा स्वच्छ व पूर्ण वाळलेला असावा. ओल्या पेंढ्यामुळे बुरशी वाढते.

४. फळे सैल भरल्यास ती एकमेकांवर घासतात. काठाच्या वर भरल्यास वरच्या खोक्याचे ओझे फळांवर येते. ते ओझे खोक्याच्या भिंतींनी, विशेषतः कोपऱ्यांनी पेलावयाचे असते. यास्तव थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा ठेवावा.

५. पुठ्ठ्यास ओल लागल्यास त्याचे बळ जाते. खोकी ओल्या जमिनीवर ठेवू नयेत.

पेटीवरील नाव

वरच्या थरात मोठी फळे व खाली बारीक, अशी भरणी काही ठिकाणी केली जाते. त्यामुळे एका पेटीस चार पैसे अधिक मिळतीलही. परंतु फसलेला गिऱ्हाईक ते नाव विसरत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या नावाने परप्रांतीचा आंबा विकला जातो, ही बागायतदारांची तक्रार रास्तच आहे. मात्र अस्सल आंब्याच्या पेटीतच वर एक व खाली दुसरे निघाले, तर त्या तक्रारीस बळ राहत नाही. पेटीवर बागायतदाराचे नाव, गाव, फळांची संख्या व प्रत स्पष्ट लिहावी, आणि तळाचा थर वरच्या थरासारखाच असावा.

गावात प्रात्यक्षिक

कृषि कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी एकाच बागेतील फळांच्या दोन पेट्या भरवून घ्याव्यात. एक नेहमीच्या रीतीने व दुसरी वरीलप्रमाणे. दोन्ही एकाच गाडीने थोडा प्रवास घडवून आणाव्यात व चार दिवसांनी सर्वांसमक्ष उघडून नासकी फळे मोजावीत. व्याख्यानाने जे पटत नाही, ते ही मोजणी पटवील.