बंदूक गेली, दारू राहिली

बंदूक ठाण्यात जमा झाली की विषय संपला, असं आमच्या कोकणात सगळे धरून चालतात. शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक आचारसंहितेत जमा होते आणि धनी वारला की बहुधा तिथेच राहते. तिच्याबरोबरचं सामान मात्र माळ्यावर तसंच असतं: दारूचा डबा, केपांची डबी, छऱ्यांची पिशवी. त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी बोलले, तर ‘हिने पोलीस दारात आणले’ असा गावभर बोभाटा झाला. म्हणून जे घडलं ते लिहिते.

सासऱ्यांनंतर माळा आवरताना तो डबा सापडला. झाकण गंजून घट्ट बसलेलं, केपांची डबीही तिथेच. मी हात लावला नाही. चुलत दिरांना म्हटलं, ठाण्यात कळवू या. ते म्हणाले, “मूठभर दारूसाठी ठाणं कशाला? मी बघतो.” नको, असं मी स्वच्छ सांगितलं होतं. ठाण्यात फोन केला, तर तिथून उत्तर आलं, “बंदूक जमा आहे ना? मग दारू पऱ्यात ओतून टाका, ताई.”

दुसऱ्या दिवशी माळ्यावर डबा नव्हता. भाजावळीचे दिवस. खाली तरव्याच्या जागेवर कवळ, पातेरा, शेण रचून ठेवलेलं आणि पोरं त्याभोवतीच खेळत होती. “भाऊजी, डबा कुठाय?”

“कवळात सरकवलाय. उद्या पेटवलं की आपोआप संपेल.”

माझ्या हातापायांतलं बळ गेलं. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा टक्के. उघड्यावर ती भसकन जळते, पण बंद डब्यात पेटली तर वायूला वाट मिळत नाही आणि डबाच फुटतो. गंजलेल्या पत्र्याचे तुकडे कुठवर उडतील हे कोण सांगणार? हे मी समजावलं, तर ते हसले. मी पोरांना घरात कोंडलं, भाजावळ थांबवली आणि एकशे बारा नंबर लावला. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवलं. त्या माणसांनी डबा कसा हाताळला ते पाहिल्यावर तरी दीर गप्प बसतील असं वाटलं होतं. पथक गेल्यावर म्हणाले, “काय झालं का? नाही ना!” काही झालं नाही, कारण मी पेटवू दिलं नाही. एवढं मान्य करायला त्यांची जीभ आजही वळत नाही.

ज्यांच्या माळ्यावर असा डबा आहे, त्यांच्यासाठी:

डबा आहे तिथेच राहू द्या. गंजलेलं झाकण पेचकस किंवा कोयत्याने उचकटू नका; घासण्याची ठिणगीही पुरते. केपा तर ठोक्यानेच उडायला बनवलेल्या असतात.

दारू ओली झाली म्हणजे मेली असं नाही. वाळली की पुन्हा पेटते. तेलात किंवा पाण्यात बुडवलेल्या केपांवरही विश्वास ठेवू नका. पऱ्यात ओतल्यास सोरा पाण्यात उतरतो आणि खाली तेच पाणी गुरं पितात. शिशाचे छरे विहिरीजवळ पुरू नका. भंगारवाल्याला तर काहीच देऊ नका.

सामान घेऊन एसटीत बसू नका. पोलिसांनाच घरी बोलवा.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे, बाळगणं बेकायदा ठरलेलं शस्त्र किंवा दारूगोळा विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. दारूगोळ्याचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा ‘बंदूक जमा आहे’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा. दारू, केपा, छरे वेगवेगळे लिहा. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी सल्ला देणारा उद्या बदलून जातो. सापडलेल्या दारूचा जाब मात्र घरातल्यांनाच द्यावा लागतो.

मुलांना दूर ठेवा, बिडी-काडी जवळ नेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

आणि बंदूकधाऱ्यांनो, बंदूक जमा करताना उरलेल्या दारूचं काय करायचं, हे स्वतः हयात असतानाच विचारा. तुमच्यामागे ते विचारणाऱ्या बाईला घराची अब्रू घालवणारी ठरवतात.