संस्थेच्या संकेतस्थळात बदल कोणी करावेत?

प्रश्न : मेळघाटातल्या आमच्या स्वयंसेवी संस्थेच्या संकेतस्थळावर कोरकू शब्दसंग्रह, योजनांची माहिती आणि हिशेब आहेत. सभासद नसलेल्यांना त्यात बदल करू द्यावेत का?
– एक कार्यकर्ती, धारणी

उत्तर : ताई, सरसकट हो किंवा नाही म्हणू नका, पानागणिक ठरवा. मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांना खुला आहे. तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, चुकीचा मजकूर पूर्ववत करता येतो आणि गरज पडल्यास पान सुरक्षित करता येते.

शब्दसंग्रह खुला ठेवाच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचे खरे जाणकार गावोगावी आहेत. वर्गणी भरली नाही म्हणून त्यांचा शब्द बाहेर राहू नये. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर अशांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ करा. त्यांना लिहिता येते, पण परस्पर प्रसिद्ध करता येत नाही. कोरकू बोलणाऱ्या दोघांनी तपासूनच मजकूर प्रसिद्ध करावा.

योजनांच्या पानावर बाहेरच्यांच्या दुरुस्त्या जरूर मागवा, पण शासन निर्णय पाहूनच बदल करा. हिशेब, घटना आणि देणगीचा खाते क्रमांक मात्र कार्यकारिणीच्याच हाती हवा. एक आकडा बदलला तरी देणगी भलतीकडे जाऊ शकते.

एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवू नका. आणि हे नियम सर्वसाधारण सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी ते टिकतील.