यार्देनेचे उतार आणि मुलेंगेचे लोक

पाठ : शास्ते १२:१-७

हा पाठ लहान आहे. आपले उपदेशक बहुधा इफ्ताहाचा नवस सांगून पुढें जातात, आणि त्यामागून येणारीं हीं सात वचनें तशींच राहतात. परंतु ह्या भूमीचा खरा रहिवासी कोण, ह्या प्रश्नावरून आजही माणसें मारलीं जात आहेत, आणि तोच प्रश्न येथें मांडलेला आहे.

भांडण कसें लागलें तें पाहा. इफ्ताहानें अम्मोन्यांस जिंकिलें, तेव्हां एफ्राइमी लोक रागानें आले. लढाईस आम्हांस कां बोलाविलें नाहीं, तुझें घर जाळून टाकूं, असें ते म्हणाले. येथवर प्रश्न मानाचा होता. आपल्या गांवीं बैलपोळ्यास पहिली जोडी कोणाची ह्यावरून जसें बिनसतें तसाच. पण चवथ्या वचनांत एक टोमणा आहे. गिलादी लोक म्हणजे एफ्राइमांतून पळून आलेले, ना ह्या गोत्राचे ना त्या गोत्राचे, असें त्यांस हिणविण्यांत आलें. गिलादी तर पिढ्यान्‌पिढ्या यार्देनेच्या पूर्वेस गुरें राखून राहत होते. तरी एका शब्दानें त्यांस उपरे ठरविलें.

हाच टोमणा कायद्यांत शिरला म्हणजे काय होतें, हें मध्य आफ्रिकेंतील कांगो देशाकडे पाहिल्यानें कळेल. त्या देशाच्या पूर्वेस, दक्षिण किवू प्रांतांत, टांगानिका सरोवराच्या वरच्या उंच पठारावर बान्यामुलेंगे नांवाचे लोक राहतात. मुलेंगे हें तेथील एक ठिकाण. त्यावरून हें नांव पडलें. हे तुत्सी वंशाचे गोपाळ लोक असून त्यांची भाषा शेजारच्या रुआंडा देशाच्या भाषेसारखी आहे. त्यांचे पूर्वज युरोपियनांनीं सरहद्दी आंखण्यापूर्वींच त्या पठारावर गुरें घेऊन आले, असें बहुतेक इतिहासकार मानितात. त्यांच्यांत ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या बेंबे व फुलिरू लोकांतही आहेत. हें विसरूं नये.

१९७२ सालीं निघालेल्या कायद्यानें, १९५० च्या आरंभापूर्वीं रुआंडा-बुरुंडींतून येऊन किवूंत राहिलेल्यांस नागरिकत्व मिळालें. १९८१ सालीं दुसऱ्या कायद्यानें तें काढून घेतलें. ज्यांचे पूर्वज १८८५ सालीं ह्या भूमींत होते त्यांनाच नागरिक म्हणावें, असें ठरलें. वाचकहो, आपल्यापैकीं किती जणांस पणज्याच्या वेळचा कागद दाखवितां येईल? १९९६ च्या ऑक्टोबरांत त्या प्रांताच्या उपराज्यपालानें बान्यामुलेंगे लोकांस आठवड्याच्या आंत देश सोडण्यास सांगितलें. त्यांनीं रुआंडाच्या साह्यानें शस्त्र धरिलें, लढाई देशभर पसरली, आणि १९९७ च्या मे महिन्यांत मोबुटूची सत्ता कोसळली.

२००४ सालीं पुन्हां दंगा माजल्यामुळें त्यांपैकीं हजारों लोक सरहद्द ओलांडून बुरुंडी देशांत पळाले. सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर गातुंबा येथें त्यांची छावणी होती. १३ ऑगस्टच्या रात्रीं सशस्त्र टोळी आली. तिनें तंबूंत निजलेल्यांवर गोळ्या झाडल्या व तंबूंस आग लाविली. दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बायका व लेंकरें फार. एफ्‌. एन्‌. एल्‌. ह्या बुरुंडींतील हुतू बंडखोर संघटनेनें हें आपलें कृत्य असल्याचें स्वतःच जाहीर केलें. त्याच छावणींत परत आलेल्या बुरुंडी लोकांचेही तंबू होते. त्यांस बहुतेक हात लागला नाहीं. वांचलेल्यांनीं सांगितलें कीं मारेकरी ढोल वाजवीत व धार्मिक गीतें गात आले. हें वाक्य मीं मंडळीपुढें वाचलें तेव्हां कोणी खोकलेंही नाहीं. आपल्या तोंडीं असतो तसलाच स्तुतीचा शब्द त्या रात्रीं त्यांच्या तोंडीं होता.

आतां पाठाकडे वळूं. गिलाद्यांनीं यार्देनेचे उतार धरिले. जो पार जाऊं म्हणेल त्यास शिब्बोलेथ म्हणावयास लावीत. ह्या शब्दाचा एक अर्थ धान्याचें कणीस असा आहे. एफ्राइमी माणसास श चा उच्चार साधत नसे. तो सिब्बोलेथ म्हणे, आणि तेथेंच त्याचा वध होई. कणसाचें नांव कसें उच्चारिलें एवढ्यावरून बेचाळीस हजार मेले. गातुंब्यास बोलावयासही लागलें नाहीं. कोण कोणत्या तंबूंत निजला आहे एवढ्यावरून निवाडा झाला.

पण उतार कोणीं धरिले तें नीट पाहा. ज्यांस पळपुटे म्हणून हिणविलें होतें त्यांनींच. पांचव्या वचनांत तोच पळून आलेल्यांचा शब्द एफ्राइम्यांस लागला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तोच तरवार घेऊन उभा राहिला, आणि त्याची तरवार पहिल्या टोमण्याहून फार लांब गेली. कांगोंतही असेंच घडलें. १९९६ नंतरच्या लढाईंत ज्या सैन्यांत बान्यामुलेंगे तरुण होते त्या सैन्यानें हुतू निर्वासितांची मोठी कत्तल केली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालांत तें नमूद आहे. २०१७ पासून मिनेंब्वेच्या पठारावर माई-माई टोळ्यांनीं बान्यामुलेंग्यांचीं गांवें जाळिलीं व हजारों गुरें नेलीं. त्यांच्या बाजूच्या टोळ्यांनींही शेजाऱ्यांचीं गांवें जाळिलीं. शेजाऱ्यांचें म्हणणें असें कीं हे रुआंडाचे हस्तक आहेत व आमची जमीन बळकावितात. त्यांची भीति सगळी खोटी नाहीं. रुआंडाचें सैन्य त्या देशांत वारंवार शिरलें आहे. पण त्या भीतीचा सूड गातुंब्याच्या लेंकरांवर घेतला गेला.

कायदा पुढें सुधारला. २००४ च्या नोव्हेंबरांत नवा कायदा झाला, आणि १९६० सालीं, स्वातंत्र्याच्या वेळीं, ज्या जमाती देशांत होत्या त्यांच्या लोकांस नागरिक मानण्यांत आलें. तरी २०२१ च्या डिसेंबरांत त्याच देशाच्या सैन्यांतील एका बान्यामुलेंगे अधिकाऱ्यास जमावानें सैन्याच्या गाडींतून ओढून ठार मारिलें व जाळिलें. अंगावर देशाचा गणवेश होता. म्हणून कागद व्यर्थ, असें कोणी म्हणूं नये. फटके बसण्याच्या वेळीं पौलानें आपलें रोमी नागरिकत्व सरदारास सांगितलें, आणि तो सुटला (प्रे. कृ. २२). उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्याची नोंदवही पेटींत वाळवीच्या स्वाधीन करूं नका. नांव, बापाचें नांव, गांव, तारीख, सर्व शुद्ध लिहा. गरिबाच्या घरीं दुसरा कागद नसतो.

वर्गांत हा पाठ घेतांना चवथें व पांचवें वचन दोघांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. मग विचारावें : आपल्या गांवांत कोणत्या घरांस अजून बाहेरचे म्हणतात? तीं येऊन किती वर्षें झालीं? आणि त्यांस तसें म्हणणाऱ्यांत आपल्या मंडळीचीं माणसें किती? उत्तर येण्यास वेळ लागला तर लागूं द्यावा. पुढील रविवारीं रूथ १ वाचून यावें. ती मवाबी होती.